मुऱ्हाळ्याची मोटर

देऊळघाट,
ता. २८ सप्टेंबर १९३४

ती. सौ. वच्छलाअक्का हिस,

चिंतामणचा शि. सा. नमस्कार वि. वि. इकडील सर्व क्षेम. आईचे गुडघे थंडी पडण्याआधीच कुरकुरू लागले आहेत, पण मला रागावण्याइतकी ती ठणठणीत आहे. मी बुलढाण्याच्या कचेरीतून रजा घेऊन घरीच आहे. साहेबांनी रजा मागताक्षणी दिली, त्यावरून माझ्यावाचून कचेरीचे काही अडत नाही हे कळून चुकले.

रिकामा माणूस काय करणार? काकांच्या पंजाबने बुलढाण्याहून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून टाकला, त्यातल्या मोटारींच्या जाहिराती कापून मी पलंगासमोरच्या भिंतीला चिकटवल्या आहेत. सौ. शैलजा म्हणते की लोकांच्या घरी देवांच्या तसबिरी असतात, आमच्या घरी मोटारींच्या. तर पैशाची काही फिकीरच नाही असे धरून चल आणि सांग, यंदा दिवाळीला मुऱ्हाळी होऊन तुला माहेरी न्यायला मी कोणत्या मोटारीतून यावे? गेल्या दिवाळीला माझे येणे झाले नाही, तेव्हा यंदा थाटातच आले पाहिजे.

माझी अट एकच. पायरी बुटकी हवी, पाय फारसा न उचलता आत बसता यावे. तुझ्या अटी कळव. तुझ्या पसंतीशिवाय घ्यायची नाही. भगवंतरावांस नमस्कार व सासूबाईंस साष्टांग सांगणे. लोभ आहेच, अटी कळवून तो वाढवावा.

तुझा,
चिंतामण


सुलतानपूर,
ता. ८ ऑक्टोबर १९३४

चि. चिंतामण यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि. तुझे पत्र यांनी वाचून दाखवले आणि मी पुन्हा स्वतः वाचले. हे म्हणाले की मेव्हणा मोटर घेईल तेव्हा घेईल, आधी आपल्याकडे रस्ता तरी होऊ द्या.

बुटकी पायरी काय मागतोस रे? चालत्या दमणीत मागून उडी मारून बसणारा तू, आणि बैल बुजले म्हणून बाबांच्या हातचा मार खाणाराही तूच. एवढ्यात म्हातारा झालास का? असो, माझ्या अटी ऐक. रंग काळा नको, मोरपंखी असेल तर बघ. काच खालीवर होणारी हवी, म्हणजे माहेरची वाट डोळे भरून पाहता येईल. मी मागे ट्रंकेजवळ बसेन, तू पुढे डायवरच्या शेजारी. आणि भोंगा चांगला मोठा हवा. मेहकरला पैनगंगा ओलांडली की एकदा वाजवायचा, म्हणजे सासर मागे पडले असे मला वाटेल. मग आपल्या दारात वाजवायचा, म्हणजे तुम्ही सगळे बाहेर याल. तू तर गाडीतच असशील म्हणा.

सासूबाईंच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या की मोटर आणो का इमान आणो, मुऱ्हाळ्याले पुरणाच्या जेवणाबिगर ह्या घरातून कोणी जाऊ देत नसते. तेव्हा पोट रिकामे ठेवून ये. आणि खरे सांगू का, दमणीतून आलास तरी चालेल. दोन वर्षे झाली आईला पाहून. आईस नमस्कार, सौ. शैलजास आशीर्वाद. माया आहे तशी असू दे.

तुझी,
अक्का


देऊळघाट,
ता. १८ ऑक्टोबर १९३४

ती. सौ. अक्का हिस,

शि. सा. नमस्कार वि. वि. दसऱ्याचे सोने सोबत पाठवले आहे, पाकिटात चुरगळले तर माझ्या नावाने ओरडू नये.

तुझ्या सगळ्या अटी मान्य. फोर्ड बाद केली, तिचे धक्के चांगल्या माणसालाही सोसत नाहीत. आता ब्यूक की शेवरोलेट एवढाच प्रश्न उरला आहे. ब्यूकची गादी इतकी लांब की माणूस आडवा झाला तरी पाय बाहेर येत नाहीत. यंत्र बटणाने सुरू होणारे हवे, हँडल मारायला छाती लागते. काचेबद्दल मात्र तुझे माझे भांडण आहे. तुझ्या बाजूची उघडी ठेव, माझ्या बाजूची लावून घेऊ, वारा थेट अंगावर येतो. शैलजा म्हणते की एवढे सगळे पाहिजे असेल तर पलंगालाच चाके लावून घ्यावीत. मोरपंखी रंग कोणी करत नाही असे दिसते, करवून घ्यावा लागेल.

कधी येतो ते पुढच्या पत्री कळवतो. भगवंतरावांस नमस्कार. मोटर ठरेपर्यंत तरी या भावावर रुसू नये.

तुझा,
चिंतामण


सुलतानपूर,
ता. २६ ऑक्टोबर १९३४

चि. चिंतामण यास,

अक्काचे आशीर्वाद. पत्र पोचले. अक्षर तुझे नव्हते, शैलजाचे होते. बहिणीला चार ओळी लिहायचाही आता कंटाळा आला का?

आमच्या आळीतल्या सत्यभामाबाईंचा भाऊ तिकडे वाशिमहून पायी आला आणि त्यांना घेऊन गेला. पायात वहाणसुद्धा धड नव्हती. मी ट्रंक भरून ठेवली होती, परवा ती पुन्हा उघडून लुगडी फडताळात ठेवली. सासूबाईंनी विचारले की तुह्या भावाले येवाचं नाई तर तो तसं सांगत काऊन नाई? यांना म्हटले तुम्हीच पोचवा, तर म्हणाले की मुऱ्हाळी आल्याशिवाय बायको माहेरी घातली तर लोक म्हणतील घरातून काढली.

मला मोटारींच्या गोष्टी लिहू नकोस. मला राग आला आहे आणि तो खरा आहे. यायचे नसेल तर तसे लिही, मी ट्रंक माळ्यावर टाकते. आईस नमस्कार.

अक्का


देऊळघाट,
ता. १ नोव्हेंबर १९३४

चि. पंजाब यास,

अनेक आशीर्वाद. हे सौ. शैलजाच्या हातून लिहवून घेत आहे. मधूनच अक्षर बिघडलेले दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

पायाची सूज आता पोटावर आली आहे. आडवे झाले की दम लागतो, म्हणून रात्रंदिवस उशीला टेकून बसून असतो. डॉक्टरांनी काल आईला अंगणात बोलावून काय सांगितले ते मी विचारले नाही. तू ओळखशील. अक्काला आजवर कळवले नाही, कारण न्यायला कोणी आल्याशिवाय तिला येता येत नाही आणि मला जाता येत नाही. कळवून ती तिथे नुसती चुलीपुढे रडत बसली असती. मी आज बरा होईन, उद्या जाईन, या आशेवर वर्ष काढले.

आता तू मुऱ्हाळी हो. बुलढाण्यातून भाड्याची मोटर कर, मिळेल ती कर, आणि येत्या रविवारी सकाळी सुलतानपूरला पोच. माझ्या गळ्याची शपथ आहे, वाटेत तिला काही सांगायचे नाही. मी का आलो नाही म्हणाली तर सांग की चिंतामणला मोटर लागते, ओकाऱ्या होतात. ती खूप हसेल. तिला हसत येऊ दे. तिच्या सासूबाई पुरणाला थांबवतील. नाही म्हणू नकोस, तिच्या सासरचा मान मोडून तिला आणू नये. पैनगंगेपाशी भोंगा वाजवायला विसरू नकोस.

तुझा माझ्यावर जीव आहे, म्हणूनच हे काम तुला सांगितले.

चिंतामण


सुलतानपूर,
ता. २४ नोव्हेंबर १९३४

चि. शैलजा हिस,

अक्काचे आशीर्वाद. आजवर तुझ्या नावाआधी सौ. लिहीत आले. आता जे लिहायचे ते लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसते नाव लिहिले आहे.

तेरा दिवस तुझ्याजवळ होते, पण तुझ्यासमोर हे बोलता आले नाही. त्या रविवारी मोटर दारात उभी राहिली तेव्हा अख्खे गाव गोळा झाले. आम्ही ठरवलेले त्या मोटारीत काही नव्हते. रंग काळा, टपाला ठिगळ, पायरी गुडघ्याएवढी. भोंगा मात्र होता. चिंतामणला मोटर लागते असे पंजाबने सांगितले आणि मी पोट धरून हसले. भिंतभर मोटारी चिकटवणाऱ्याला मोटर लागते! मागचा सगळा राग मी त्या हसण्यात विसरून गेले.

डाळ शिजायला घातली. पंजाब एकदा म्हणाला की आजच्या दिवस पुरण राहू द्या, लवकर निघू. सासूबाईंना ते लागले. मीही त्याला दटावले की पहिल्यांदाच मुऱ्हाळी होऊन आलास, तर नीट जेवून चल. शैलजा, पुरण मी वाटले. घाई नव्हती म्हणून अगदी मऊसूत वाटले. तो एका पोळीवर हात धुवायला उठला, तर बुलढाण्याच्या खाणावळीने तुझी जीभ बिघडवली असे म्हणून मी त्याची थट्टा केली. त्याने मान वर केली नाही. मग आळीतल्या बायकांनी ओटी भरली, मोटारीला हळदकुंकू लावले, आणि ऊन कलल्यावर आम्ही निघालो.

पैनगंगा ओलांडल्यावर मी भोंगा वाजवायला लावला. पंजाब पुढे चिंतामणच्या जागेवर बसला होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटले तोही हसतो आहे.

तू सांगितलेस की दिवस बुडेपर्यंत तो मोटर आली का म्हणून विचारत होता, आणि आली म्हणून तू खोटेच सांगितलेस तेव्हा, तिच्या बाजूची काच उघडी ठेवली आहे ना, एवढेच त्याने विचारले. हे सांगितलेस ते बरे केलेस. आम्ही जेवायला बसलो नसतो तर उन्हे असतानाच पोचलो असतो. पंजाब स्वतःला दोष देतो, सासूबाईंनी त्या दिवसापासून पुरण शिजवले नाही. मी कोणाला दोष देऊ? मला हसत आणायचे त्याच्या मनात होते.

आणि मी तशीच आले गं. देऊळघाटात शिरताना दिवे लागले होते. दारात माणसे दिसली, वाटले मोटर पाहायला जमली आहेत. मी डायवरला भोंगा वाजवायला सांगितला, आणि मोटारीतूनच ओरडले की चिंतामणा, तुझी मोटर आली, आता तरी पलंगावरून ऊठ. मी दारापर्यंत हसतच आले.

आईची काळजी घे, तिला एकटी बसू देऊ नकोस. माझी माया त्याच्यापाशी ठेवलेली होती, ती आता तुझ्यापाशी ठेवते. तिला अंतर देऊ नकोस.

तुझी,
अक्का