सत्तावीस नंबरची पडवी

तायनान, ८ मार्च

प्रिय ताई,

तुझं जेवण झालं असेल असं धरून लिहितो. मी ठीक आहे. वजनकाट्यांचं दुकान चालू आहे, छातीतला खोकला गेला. तुमच्याकडे थायचुंगला अजून गारठा असेल, तर आईच्या गुडघ्यांवर काहीतरी घालत जा. ती स्वतः मागणार नाही. तू फोन उचलत नाहीस याबद्दल तक्रार नाही. पत्राचं एक बरं असतं, माणसाला मध्येच तोडता येत नाही.

नववर्षाला मी तुझ्याकडे आलो तेव्हा आई म्हणाली, मला घरी ने. तू स्वयंपाकघरातूनच म्हणालीस, "घरापासून मंदिरापर्यंत तिला एकटीला चालता येईल अशी वाट कर, मग ने." मला गप्प करायला म्हणालीस, ते मला कळलं. पण मी ते कामाचं माप म्हणून घेतलं आहे.

तर हे त्या कामाविषयी.

आपल्या गल्लीच्या विषम नंबरांच्या बाजूला वीस घरं. प्रत्येकाच्या दुकानापुढे वरच्या मजल्याखालची पडवी. जागा ज्याची त्याची, वाट सगळ्यांची. आणि वाट सगळ्यांची असल्यामुळे तिची फिकीर कोणालाच नाही. ज्याने त्याने आपल्या मनाच्या उंचीवर फरशी बसवली. वर स्कूटर, बादल्या, कुंड्या, नूडल्सवाल्याची भांडी. चालणारा माणूस चार पावलं पडवीतून, चार पावलं रस्त्यावरून, गाड्यांच्या मधून. मंदिरापासून आपल्या घरापर्यंत चौदा पडव्या, सत्तर मीटर. आईच्या पावलांनी एकशे छप्पन्न. मी तिच्याएवढी पावलं टाकून दोनदा मोजली. दुसऱ्या वेळी बर्फाच्या दुकानाची चुन-लियेन काकू म्हणाली, "काटेवाल्या, वजनं सोडून आता रस्ता तोलतोस होय?"

तोलतोच. पाणसळ आणि पोलादी पट्टी घेऊन चार रविवार मी एकेका पडवीचा शेजारच्या पडवीपासूनचा फरक घेतला. नऊ नंबर बारा सेंटीमीटर वर. सतरा नंबर एकदम पंधराने खाली, आणि त्या उतारावर गुळगुळीत टाइल, पाऊस पडला की साबण. एकोणीस नंबरने तर मधोमध नळ काढला आहे. सगळा तक्ता आखून आपल्या वस्तीप्रमुख वेनबाईंना दिला. त्या चष्मा वर सरकवून म्हणाल्या की एवढं नेमकं काम महापालिकेतलेसुद्धा करत नाहीत, कुठे शिकलास. मी सांगितलं, नववीनंतर शाळेत गेलो नाही. जपानी काट्यांचं माहितीपत्रक आणि एक फाटका शब्दकोश, यांच्याकडे शिकलो. तुला ठाऊकच आहे. पण त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सांगितलं.

अर्जाला उत्तर आलं आहे. महापालिका म्हणते, रस्त्याच्या कडेला चालणाऱ्यांसाठी हिरवा पट्टा रंगवून देऊ, ते लवकर होईल. नाहीतर सगळ्या पडव्या फोडून एका पातळीत आणून देऊ, खर्च आमचा. मात्र ओळीतल्या प्रत्येक मालकाचं, त्याच्या नावाचा शिक्का मारलेलं संमतिपत्र हवं. एकही कमी चालणार नाही. मी दुसरं निवडलं. रंगावर मोटार सहज चढते. शिवाय आईचा वॉकर चाकांचा आहे, त्याला पायरी चालत नाही.

आता शिक्के गोळा करतो आहे. लोकांची कुरकुर तू कल्पना करू शकतेस. टेबलं कुठे मांडायची, स्कूटर कुठे लावायच्या, आणि सगळ्यांच्या मनातलं खरं दुखणं असं, की शेजाऱ्यापेक्षा आपली पडवी खाली गेली तर दुकानातली बरकत घरंगळत त्याच्याकडे जाणार. चुन-लियेन काकूने तर मला सरळ विचारलं, आमच्या जागी तू असतास तर खाली केली असतीस का. मी म्हटलं, एका पातळीत आल्यावर खाली कोण आणि वर कोण.

पहिला शिक्का कोणी मारला माहीत आहे? शेजारच्या अ-युआनने, पंचवीस नंबर, बदकभातवाला. कागद वाचलासुद्धा नाही. म्हणाला, "तुझ्या आईसाठी." आई पडली त्या दिवसापासून त्याने पडवीत स्कूटर लावलेली नाही, पार मंदिरामागे लावून चालत येतो. दोन वर्षं.

असो. आईला सांग, मंदिरातल्या बाई तिची चौकशी करतात.

तुझा,
मिंग-त्सान


तायनान, १७ मे

प्रिय ताई,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा हे दुसरं. कसे आहात दोघी? इकडे आंबा आला आहे. आईला आवडतो तो छोटा हिरवा आंबा एक पेटी पाठवतो आहे, जे पिकलेले वाटतील ते आधी खा.

मंगळवारी संयुक्त पाहणी झाली. महापालिकेच्या इंजिनिअर बाई, वाहतूक पोलीस, वेनबाई, पिवळी जाकिटं, पाण्याच्या बाटल्या, आणि मागून अर्धी गल्ली. बाईंनी माझा तक्ता पाहिला आणि विचारलं, हे मोजमाप कोणत्या कंपनीकडून करून घेतलं. तुला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तीन मिनिटं बरं वाटलं.

मग त्यांनी संमतिपत्रं मोजली. एकदा, पुन्हा एकदा. म्हणाल्या, "एकोणीस आहेत. सत्तावीस नंबरचं नाही." तक्त्यावर बोट फिरवलं. "आणि इथेही सत्तावीस नंबरची ओळ कोरी आहे. हे घर कोणाचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकू बोलली. "काटेवाल्याचा स्वतःचा काटा तेवढा तोलायचा राहिला."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी पट्टी घेतली, वाकून पंचवीस आणि सत्तावीसच्या मध्ये धरली आणि आकडा मोठ्याने वाचला. तेवीस सेंटीमीटर. सगळ्या ओळीत सर्वांत उंच. मी म्हणालो, घाईत राहून गेलं. ताई, माझं घाईत काही राहत नाही.

ती ओळ मी कोरी का ठेवली, ते तुला सांगायचं आहे. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्या दोन्हींत पाहणी चांगली झाली एवढंच लिहिलं होतं.

आई पडली त्याच्या आदल्या वर्षी अ-युआनने नव्या टाइल बसवल्या. त्याची पडवी माझ्यापेक्षा आठ सेंटीमीटर वर गेली. त्याच सुमारास मंडईतल्या लोकांनी इलेक्ट्रॉनिक काटे घेतले आणि माझ्याकडचं काम आटलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मी दुसऱ्या कोणालाही पटवून दिलं असतं. स्वतःला पटवलं नाही. गवंडी बोलावला आणि त्याच्याहून तेवीसने वर चढवून घेतली. आई दारात उभी होती. म्हणाली, "एवढी उंच कशाला रे?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

तू पडवी पाहिली नाहीस. तू आलीस ती थेट दवाखान्यात, आणि तिथूनच तिला घेऊन गेलीस.

ती पायरी आईला चढवत नव्हती. मंदिरातून येताना ती अ-युआनच्या पडवीच्या टोकापर्यंत यायची, भिंतीला हात लावून थांबायची, मग खाली रस्त्यावर उतरायची, आणि माल चढवायला मी सिमेंटचा उतार केला आहे त्यावरून वर यायची. सहा पावलं रस्त्यावर. रोज. काउंटरवरून मला दिसायचं. वर्षभर दिसत होतं. मध्ये एक निमपायरी करून देऊ असं मनात होतं. विटाही आणल्या होत्या, त्या अजून मागच्या अंगणात आहेत.

त्या सकाळी त्या सहा पावलांत एक व्हॅन मागे आली. आई घाईने बाजूला झाली आणि पडली. मी पोचलो तेव्हा तिच्या हातात माशाच्या सुपाची पिशवी होती, माझ्यासाठी आणलेली. फुटली होती. रस्त्यावर पडलेलं सूप अजून कोमट होतं.

अँब्युलन्समधल्या माणसाने विचारलं, त्या रस्त्यावर का उतरल्या. मी म्हणालो, पडवीत अ-युआनची स्कूटर आडवी होती. स्कूटर होती हे खरं. पण तिच्या आणि भिंतीच्या मध्ये दीड हात जागा होती, आणि आई रोज त्या जागेतून येत होती. त्या दिवशीही तिथूनच आली होती. तरी स्कूटरचंच कारण तुला सांगितलं, अ-युआनला सांगितलं, गल्लीला सांगितलं. आईने ऐकलं आणि ती गप्प राहिली. तुलाही तिने काही सांगितलं नसणार.

पाहणीनंतर दुकान बंद केलं आणि अ-युआनकडे गेलो. तो बदक तोडत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे याच क्रमाने. त्याने सुरा पुसला.

"दोन वर्षं?" म्हणाला.

"दोन वर्षं एक महिना."

"तेही मोजून ठेवलंस."  दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना भात बांधून दिला. मी तिथेच उभा. शेवटी म्हणाला, "दवाखान्यात दर रविवारी बदक आणायचो. ते परत कर."

"आईने खाल्लं ते."

"आईने खाल्लं ते राहू दे. तू खाल्लंस ते परत कर."

विनोद होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. मी निघालो तेव्हा त्याने हाक मारली नाही. पण बुधवारी पडवीत स्कूटर दिसली. भिंतीपासून दीड हात सोडून. मी पट्टी लावली नाही, नुसतं पाहिलं.

संमतिपत्रावर शिक्का मारला. तक्त्यावरची ओळ भरली.

तू आता आईला परत पाठवणार नाहीस असं वाटत असेल तर ते बरोबर आहे. तरी तुला हे कळायला हवं होतं.

मिंग-त्सान


तायनान, २६ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळींचं, तरी मी ते पुष्कळ वेळा वाचलं. आधी तुझ्या तिसऱ्या ओळीचं उत्तर देतो. तू लिहिलंस, सगळं पत्र आईला वाचून दाखवलं, आणि तिने एवढंच विचारलं की त्या सकाळी मी मग काही खाल्लं की नाही.

नाही. तिला सांग, त्या दिवशी काही खाल्लं नाही, आणि ते सूप त्यानंतर कधीच नाही. दुकान तिथेच आहे, मीच दुसऱ्या बाजूने जातो.

आता काम. जुलैत फोडायला सुरुवात झाली. सहा आठवडे धूळ, आणि काट्यांना धूळ म्हणजे विष, सगळे प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले. माझी पडवी फोडायला मजुरांना पूर्ण एक दिवस लागला, कारण गवंड्याकडून मीच काँक्रीट दुप्पट घालून घेतलं होतं. काकू खुर्ची टाकून बघत बसली होती. म्हणाली, तुझी बरकत आता वाहत माझ्याकडे येतेय, भांडं लावून ठेवते. मी म्हटलं, ठेव, तुझ्या बर्फाला पाणी लागतंच.

फरशी खरखरीत आहे, ओली असताना मी अनवाणी चालून पाहिलं. स्कूटर आता कोणाच्याच पडवीत नाहीत. महापालिकेने रस्त्याच्या पलीकडे रेघा मारून जागा दिली आहे. नूडल्सवाला बादली अजून बाहेर ठेवतो, ती मी रोज सकाळी उचलून आत ठेवतो. तो काही म्हणत नाही. एकोणीस नंबरचा नळ गेला. फक्त अकरा आणि तेराच्या सांध्यावर तीन मिलिमीटरचा फरक राहिला आहे. इंजिनिअर बाई म्हणाल्या, तो चालतो. मला चालत नाही, पण वॉकरच्या चाकाला तो कळत नाही. दवाखान्याच्या दुकानातून तसाच एक वॉकर मागून आणला आणि सत्तर मीटर नेऊन पाहिला. मंदिरापाशी अ-युआन भेटला. म्हणाला, "म्हातारा झालास काय?" गेल्या चार महिन्यांत तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आम्ही परत बरोबर चालत आलो. दोघांना शेजारी शेजारी चालायला जागा पुरते, हे मी मोजलं नव्हतं.

आईला कायमची पाठव असं मी म्हणत नाही. चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी ती मंदिरात जायची. त्या दिवशी तिला एका सकाळपुरती आण. तूही ये. मी तिचा हात धरणार नाही. तू म्हणाली होतीस, एकटीला चालता येईल अशी वाट. मी घरापाशी उभा राहीन. येताना तिला वाटलं तर तिने सूप आणावं. मी खाईन.

तू नाही म्हणालीस तरी वाट आहे तिथे आहे. चुन-लियेन काकूची सासू त्यावरून रोज फिरते.

तक्त्याची शेवटची प्रत सोबत जोडली आहे. एकही ओळ कोरी नाही. खालून सातवी पाहा.

तुझा धाकटा भाऊ,
लाय मिंग-त्सान
नंबर सत्तावीस, शेजारच्यापासून फरक: शून्य