गालिच्यातली रिकामी मांडी

५ नोव्हेंबर
आले बाई एकदाची मिठबावला, मंगेशच्या नव्या घरी! चौथी शिकलेल्या आजीला नातीनं, गौरजानं, ही वही दिली. रोज लिही म्हणाली. आज बांगड्याचं तिखलं झकास झालं. हां, मुख्य राहिलंच! सूनबाईनं, शर्मिलानं, जुना गालिचा घेतलाय. बलुची टोळीतल्या कुणा बाईनं शंभरेक वर्षांपूर्वी विणलेला. मी आधी उलटा करून पाहिला, हाताचं काम पाठीवर कळतं. एकेक गाठ तांदळाच्या कणीएवढी! निळा रंग मधेच फिका. टोळी मुक्काम हलवायची, लोकर नव्या पाण्यात रंगवायची, म्हणून तसं, असं शर्मिला सांगते. मधोमध हात पसरून बसलेली बाई. मांडी मात्र विणलेलीच नाही, नुसते उभे दोरे. गौरजा विचारते, ‘आजये, तिचा बाळ खंय गो?’

७ नोव्हेंबर
मला राहवेना. जन्मभर वाकळी शिवल्या, घरच्यांच्या जुन्या कपड्यांच्या, त्यांची ऊब राहते म्हणून. गौरजाला आखूड झालेल्या लाल फ्रॉकचे धागे काढले नि त्या मांडीत बाळ भरलं. गौरजासारख्या दोन वेण्यासुद्धा! शर्मिला हसली, ‘आई, शंभर वर्सांनी बाळंत झाली ती, आता डिंकाचे लाडू करा!’

१० नोव्हेंबर
गौरजा फिकी पडलीय. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. सारखी गालिच्यावर जाऊन बसते. ‘ती बाय माका बोलावता,’ म्हणते. बाळाचा लाल मात्र गडद झालाय. उलटून पाहिलं. माझे टाके नाहीत. गाठी आहेत. तांदळाच्या कणीएवढ्या.

१२ नोव्हेंबर
बाईचे पसरलेले हात आता बाळाभोवती मिटलेत.
बाळाच्या दंडाची एक गाठ उसवली. आत गौरजा किंचाळली. तिच्या दंडावर रक्त. दुसरी कशी उसवू? माझ्याच हातानं—

१३, सकाळ
पोरीचे पाय गार. मला ओळखत नाही. मंगेश गाडी आणायला धावला.
गालिच्यातल्या बाय गो, मंगेशच्या आधीची माझी लेक मी पुरलीय. रिकामी मांडी मला कळते. पण ही नको.
वाकळ उसवत नाहीत, वरून ठिगळ लावतात. बाळावर लावायला माझ्या लुगड्याचा काठ फाडला. दोरा ओवला.

दुपार
गाडी अजून नाही. ठिगळ निम्मं झालं. पाय बधिर— लोकरीचा वास—
गौरजानं पाणी मागितलं! मागितलं!
शेवटचे टाके. डावा हात दिसत नाही—
ती हाक मारते, आजये, तू खंय—
हयच आसय गो. रडू नको. गालिचो उलटो करून बघ, मी—