दादाच्या कागदावरची माझी सही

नागपूर, १२ जानेवारी १९३७

ती. शांतीवहिनींना सुशिलाचा वाकून नमस्कार.

माझा खोकला गेला. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचं मृत्युपत्र घेऊन वकिलांकडे गेले होते. काळजीचं काही नाही, पण मला नीट उमगलं नाही, म्हणून ऐकलं तसं लिहिते.

दादानं तलावाकडची खोली माझ्या नावे केली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साक्षीला शेजारच्या देवचंदभाऊंनी अंगठा लावला. मग दादा मला म्हणाला, "सारे अंगठेच लावून राहिले. कॉन्व्हेंटात शिकली ना तू? कर सही, कागद बरा दिसते." मीही मिरवत केली.

आता वकील म्हणतात, साक्षीदाराला त्याच कागदातून काही मिळत नाही, म्हणून खोली तुमच्याकडे जाते. त्यांच्या शेजारी बसणारे वकील म्हणाले, हा नियम हिंदूंना लागत नाही. दोघांनी एकच पुस्तक माझ्यापुढे धरलं. इंग्रजी शब्द सगळे ओळखीचे होते, तरी कोणाचं खरं ते मला कळलं नाही.

शाळेतली माझी नोकरी एप्रिलात संपते. तशी घाई नाही. खोलीत धान भरलं असेल तर असू द्या, मला खाटेपुरती जागा पुरे. त्या खिडकीतून सारसांची जोडी अजून दिसते का?

दोघे वकील म्हणतात, हे शेवटी कोर्टच ठरवेल. तो निकाल यायचा तेव्हा येईल. वहिनी, तुमच्या मनात काय आहे, तेवढं आधी कळवा.

तुमची नणंद,
सुशिला