रुग्णवाहिकेच्या जाळीवरील पाटीबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा आरोग्य कार्यालय.

विषय : खारोडा केंद्राच्या रुग्णवाहिकेची हवा अडवणारी पाटी कायमची काढणेबाबत.
संदर्भ : आपली खुलासा-नोटीस, दि. ९ जून.

महोदय,

मी हडमानाराम गोदारा, सदर गाडीचा चालक. बारा वर्षे या वाळूत गाडी चालवतो.

१. मे महिन्यात गाडीच्या पुढच्या जाळीवर मंत्रिमहोदयांच्या फोटोची पत्र्याची पाटी ठोकण्यात आली. इंजिनाचा टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते. ती निववणारा इंटरकूलर त्याच जाळीमागे असतो. त्याला वारा मिळाला नाही की इंजिनात गरम, विरळ हवा जाते आणि गाडीचा दम तुटतो. सत्तार मिस्त्रींनी यंत्र लावून पाहिले : एरवी साठ अंशांची हवा पाटीमुळे शंभरावर गेली होती.

२. हे मी भांडारपाल जोशीजींना सांगितले. ते म्हणाले, "हडमाना, गाडी बंद पडली तर दुसरी येईल. साहेबांचा फोटो उतरवला तर तू जाशील, मीही जाईन." लेखी तक्रारीला आपल्या कार्यालयाचे उत्तर आले : "रुग्णवाहिका शक्यतो सावलीतून चालवावी." महोदय, खारोड्यापासून तालुक्यापर्यंत रस्त्यावर सात खेजडीची झाडे आहेत.

३. दि. २ जून रोजी भर दुपारी सुआदेवी या अडलेल्या गरोदर बाईला तिच्या ढाणीवरून, म्हणजे वाळूतल्या वस्तीवरून, घेतले. मूल आडवे आले होते. टेकाडाच्या चढावर गाडी बैलाच्या चालीने चालू लागली, मग थांबली. सुआदेवीची सासू म्हणाली, "बेटा, यापेक्षा आमचा उंट बरा होता रे." मी जॅकच्या दांड्याने पाटी उचकटली. इंजिन निवल्यावर गाडीने चढ धरला. पाऊण तास गेला होता. सुआदेवी वाचली. मूल रडले नाही.

४. आपल्या नोटिशीत पाटीला पडलेल्या पोच्याचा खुलासा मागितला आहे. मुलाबद्दल त्यात एक ओळ नाही. हे अदबीने नमूद करतो. पोचा मी पाडला. हाच खुलासा.

५. काल गाडीवर नवी पाटी बसवण्यात आली. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

ती मी आज सकाळी काढली असून अर्जासोबत परत करीत आहे. पुन्हा लावल्यास पुन्हा काढीन. नोकरीवरून काढायचे तर काढावे. तोवर मी गाडीवर हजर आहे.

आपल्या कार्यालयाचा चालक,
हडमानाराम गोदारा
खारोडा, दि. १२ जून

सोबत :
१) मिस्त्रींनी मोजलेल्या तापमानाचा कागद
२) पाटी, एक
३) स्क्रू, चार (सरकारी मालमत्ता, मोजून घ्यावेत)