राहीच्या वाटणीचं

रविवार, ८ जून. सकाळ.
आजपासून रोजनिशी. उद्यापासून रोज चालणे. पाऊस नसेल तर.

बातमी मोठी आहे. आमच्या ऑफिसातल्या इंद्रजित सरांनी 'सुदृढ बालक' प्रकल्पाचा आटपाडी तालुका माझ्याकडे दिला. म्हणाले, धनाजी, तुम्ही मूळचे तिथले, लोक तुमचं ऐकतील. वर्षभरात जाड मुलांचं प्रमाण निम्म्यावर आणतो, असं बोलून बसलो. सरांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. शर्ट धुऊन आखडलाय, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

सुरुवात घरापासून. माझी मुलगी उत्कर्षा दहा वर्षांची, अंगानं जरा भरलेली. आमच्याकडचा बांधाच तसा. तिची साखर बंद, बिस्किटं बंद, चिप्स बंद. बायकोने, सोनियाने विचारलं, आणि तुमचा चहा? मोठ्यांचा विषय वेगळा आहे.

मंगळवार, १० जून.
आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिन्यापूर्वी आटपाडीहून इथे आमच्या विश्रामबागेतल्या घरी आली. एक डोळा झाला, दुसरा व्हायचाय. येताना राहीची ताटली घेऊन आली. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कडेला चेपलेली.

राही माझी थोरली बहीण. बहात्तरच्या दुष्काळात गेली, तीन वर्षांची होती. मी तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालो. फोटोसुद्धा नाही तिचा. पण आई दोन्ही वेळा पहिलं तिला वाढते. भाकरी, कालवण, गूळ, वर तुपाची धार. स्वयंपाकघराच्या दाराशी ताटली ठेवते आणि तोंड फिरवून बसते, कारण राही कुणाच्या देखत जेवत नाही. गावाकडे कुत्रं-मांजर खाऊन जायचं. इथे दुसरा मजला. तरी ताटली चाटूनपुसून रिकामी. मी सायंटिफिक माणूस आहे. मांजर असणार.

शनिवार, १४ जून.
खिडक्यांना जाळी बसवून घेतली. ताटली रिकामीच. आई खूश. म्हणाली, राहीला हितलं पानी मानवलंया.

जेवताना मला मागे वळून बघायची सवय लागली आहे. भीती वगैरे नाही. मानेला व्यायाम.

एवढं सगळं बंद करूनही उत्कर्षाचं वजन वाढलं. काटा खराब आहे. नवीन मागवला.

बुधवार, १८ जून.
नवीन काटाही खराब निघाला.

सोनियाने उत्कर्षाची मान दाखवली. मागच्या बाजूला काळपट पट्टा, हाताला मखमलीसारखा लागतो. घासून निघत नाही, डॉक्टरला दाखवू या म्हणाली. मी म्हटलं, मळ आहे. सुट्टीच्या सुरुवातीला आजीकडे आटपाडीला होती, तिथे पाण्याची मारामार. बेसन आणि लिंबू लाव. घरात आरोग्याचा माणूस असताना डॉक्टरची फी कशाला?

उत्कर्षा मोरीत रडत होती. लिंबू झोंबलं असेल.

रविवार, २२ जून. आटपाडी.
भाषण जबरदस्त झालं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी मद्रास-मदुराईकडे गेलेली बरीच घरं गावी आली होती. पोरं चांगलीच गरगरीत. लालासाहेब म्हणून एक म्हातारे उठले. म्हणाले, आवं सायेब, आमची हाडं मोजता येत व्हती तवा कुनी आलं न्हाई. आता जरा पोरांच्या अंगावर मांस दिसाया लागलं, तर तुमी म्हंता रोग हाय. लोक हसले. मीही हसलो. नंतर शाल, नारळ आणि जिलेबी. सत्काराला नाही म्हणता येत नाही.

स्लाईड बदलायला लॅपटॉपपाशी उत्कर्षाला बसवलं होतं. मानेच्या काळ्या पट्ट्याची स्लाईड आली. मी खणखणीत आवाजात सांगितलं, हा मळ नव्हे, घासू नका. आत साखरेची गडबड सुरू झाल्याचं हे लक्षण असू शकतं, पोराला ताबडतोब डॉक्टरकडे न्या. पुढची स्लाईड येईचना. पाहिलं तर उत्कर्षा कॉलर वर ओढून बसलेली. बटण अडकलं असेल.

आमचा विषय निराळा आहे. स्लाईडवरचा पट्टा खूप जास्त काळा आहे.

परतताना ती गाडीत मागे अगदी दाराला चिकटून बसली होती. ऐसपैस बस म्हटलं. तर म्हणाली, राहीआत्याला जागा नको का? विट्यापर्यंत मी आरशात पाहिलं नाही. उन्हाची तिरीप येत होती.

गुरुवार, २६ जून.
दुपारी लवकर घरी आलो. आई दाराकडे पाठ करून बसलेली. उत्कर्षा ताटलीपुढे. तिचं जेवण झालेलं होतं, पोट भरलेलं होतं, तरी गूळ-तुपाची भाकरी तोंडात कोंबत होती. डोळ्यांतून पाणी. घशाखाली उतरत नव्हतं.

मी खूप बोललो. हावरटपणा वगैरे. ती आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ताटली तशीच राहिली की आजी दिवसभर जेवत नाही पप्पा. राहीआत्या उपाशी गेली म्हणते आणि रडते. एकदा झालं होतं तसं. तेव्हापासून मी खाते. मग तिने विचारलं, माझ्या मानेवरचं ते साखरेचंच आहे ना?

मी नाही म्हटलं.

संध्याकाळी आईला निक्षून सांगितलं, उद्यापासून ताटली बंद. मेलेलं माणूस जेवत नसतं. प्रकल्पाच्या दृष्टीने योग्य निर्णय.

शनिवार, २८ जून.
आई कालपासून चहावर आहे. उत्कर्षाही ताटात बोटं फिरवते आणि उठते. वजन कमी होईल, असा विचार मनात आला होता. लिहायला नको होता.

दुपारी आईजवळ बसलो. समजूत घालायला गेलो आणि तिनेच सांगायला सुरुवात केली. हे आजवर कधीच बोलली नव्हती.

दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. राही वाळून काटकी झालेली. आणि एक दिवस तिचे गाल भरले, पाय भरले. आई म्हणाली, मला वाटलं पोरीनं बाळसं धरलं. वस्तीवर समद्यांस्नी दावत फिरली मी. आता हिला जरा कमी चालंल म्हनून हिच्यातली अर्धी भाकरी तुज्या बापाला देत व्हते. भुकंची सूज व्हती रं ती. आठवड्यात गेली. मला काय ठावं धनाजी? मला कुनी सांगितलं न्हाई.

मग म्हणाली, पोरीची मान मला एका डोळ्यानं दिसतीया. तू तर गावाला सांगत फिरतुस.

मी उठून डॉक्टरांना फोन लावला, सोमवारची वेळ घेतली.

सोमवार, ३० जून.
डॉक्टरकडे गेलो. उत्कर्षाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. वेळेत आलात, अजून मागे फिरता येईल, असं ते म्हणाले. मानेचं लक्षण कुणाच्या लक्षात आलं, हेही विचारलं. उत्कर्षा म्हणाली, पप्पांच्या. त्यांनी सगळ्या आटपाडीला सांगितलं. डॉक्टरांनी कौतुकाने माझ्याशी हात मिळवला. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

घरी येऊन आईला रिपोर्ट समजावला. पोरीनं दोघींचं खाल्लं तर ती आजारी पडेल, म्हटलं. आईने मान हलवली. तिला सगळं पटलं. मग एवढंच विचारलं, व्हय रं, मग राहीनं जेवायचं कुठं?

मंगळवार, १ जुलै.
इंद्रजित सरांचा फोन. आटपाडीत किती मुलांवर परिणाम झाला? एका, म्हटलं. तेही अजून नक्की नाही.

दुपारी आईने पुन्हा ताटली वाढली आणि पाठ फिरवली. उत्कर्षा घास हातात धरून ताटलीकडे बघत राहिली. मी ताटली उचलून बाल्कनीत नेली. कावळ्यांना घालायची, असं ठरवलं होतं. कावळेही जवळच होते. पण दिली नाही. राही, तुझ्या वाटणीचं मी खातोय, असं हळूच म्हटलं आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं. पोट आधीच भरलेलं होतं, तरी खाल्लं.

रिकामी ताटली दाराशी ठेवली. आईने ती पाहिली आणि जेवायला बसली. उत्कर्षाने विचारलं, आत्या जेवली? जेवली, म्हटलं. ती स्वतःची भाकरी संपवून खेळायला गेली.

संध्याकाळी आई पुन्हा वाढेल. मला अजिबात भूक नाही.