चार रायफली, एक पुंगळी

शेणवा,
१६ जानेवारी २०२५

सुनिलभाऊजी यांस,

वहिनीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. मुरबाडात तुमचं दुकान छान चाललंय, पाटीवर तुमच्यापेक्षा ह्यांचं नाव मोठं आहे, असं ऐकलं. थोरल्या भावाचं नाव वापरायला परवाना लागत नाही, हे बरं. संक्रांतीचा तिळगूळ मुद्दाम पाठवला नाही. दिला की गोड बोलावं लागतं.

फोनवर तुम्ही एवढंच म्हणता, "वैनी, दादाची चेंबर कापायची हत्यारं द्या, कल्याणच्या नेमबाजी क्लबची आर्डर अडकलीय." मी दुसरा विषय काढला की, "वैनी, रेंज नाय!" म्हणून हा कागद.

नळीत काडतूस बसायची जागा कापायची ती हत्यारं तेल लावून ठेवलीत. काडतुसाच्या एकाच जातीच्या पितळी पुंगळीवर चार बोरच्या, म्हणजे नळीच्या चार मापांच्या, चार रायफली करायच्या, हा ह्यांचा ध्यास. पुंगळीची मान दाबली की एक बोर, रुंदावली की दुसरा. बूड सगळ्यांचं तेच, त्यावरचा शिक्काही तोच. घोटाळा नको म्हणून मी माझी नेलपॉलिशं दिली. प्रत्येक बोरच्या काडतुसाला वेगळा रंग.

घात झाला त्या दिवशी क्लबवाले साहेब रायफली बघायला आले, रंगीत काडतुसं पाहून हसले. "काय हो, काडतुसांची हळद आहे का आज?" तुम्हाला लाज वाटली. साहेब ओट्यावर चहा पीत होते तेव्हा तुम्ही मागच्या दारी थिनरच्या फडक्याने रंग पुसत होता. मी पाहिलं. वाटलं, दादाला विचारूनच चाललंय.

मग तुम्हीच काडतूस पुढे केलंत, "घे दादा, मोठ्या बोरचं." भावाने दिलं, म्हणून ह्यांनी पाहिलं नाही. काडतूस आत बसलं, पण ते त्या नळीचं नव्हतं. पुंगळी फाटली, आग मागे आली, उजवा डोळा गेला.

दवाखान्यात मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "गप रव गो. धाकला हाय, त्याचं दुकान उभं राहू दे." गळ्याची शपथ घातली. पोलिसांना जबाब दिला, "काडतूस मीच उचललं." ह्यांचा बंदुका करायचा परवाना गेला, तुम्हाला मिळाला. मी गप्प राहिले.

परवा टोकावड्याचं एक गिऱ्हाईक येऊन बसलं. म्हणालं, "अनंताभाऊ, तुमचा भाऊ सांगतो, तुमची नजर आधीच गेलती, म्हणून घात झाला. खरं काय?"  ते गेल्यावर ह्यांनी चूळ भरली आणि मला म्हणाले, "रुपाली, सुटली."

शपथ सुटली, भाऊजी.

तेव्हा रविवारी सकाळी या. साहेबांना बोलावलंय, गावातली चार माणसंही असतील. फडकं, थिनर, सगळं तुमच्या तोंडाने सांगा. मग नवा जबाब द्यायला माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात चला. तुम्ही आला नाहीत तर मी सांगेन, आणि मला पाल्हाळ लावायची सवय आहे.

हत्यारं? ती तुम्हाला मिळतील असं मी वर कुठेच लिहिलेलं नाही. परवाना परत आला की ह्यांनाच लागतील. नेम धरताना सगळेच एक डोळा मिटतात. ह्यांचे तेवढे कष्ट तुम्ही वाचवलेत.

येताना जेवून या. या घरात तुमचं ताट मांडणार नाही.

आजपर्यंत तुमची वहिनी,
रुपाली