पामला राहिलेली पानं

बाबा, तुमची मुलगी आता परगावच्या स्टेडियममध्ये पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. फुटबॉलचा संघ मुंबईचा, मी केळव्याची, नोकरी पालघरच्या कचेरीत, आणि रजा साठवते ती लग्नकार्यासाठी नाही, बाहेरगावच्या सामन्यांसाठी. वहिनी म्हणते, या वयात हिच्या कानात वारं शिरलंय. शिरू दे. मडगाव झालं, बंगळूर झालं, जमशेदपूर झालं. कोचीला सगळं स्टेडियम पिवळं आणि कोपऱ्यात आम्ही निळे साठेक जण. घसा फुटेस्तोवर ओरडलो, तरी आमचा आवाज आम्हालाच ऐकू येईना. हरलो. पण मान खाली घालून बाहेर नाही पडले, कारण पिशवीत आपल्या पानवेलीची पानं होती, केळीच्या पानात बांधलेली, वर ओलं फडकं, अगदी तुम्ही बांधायचात तशी.

तुमची रीत मी सोडलेली नाही. सामना संपल्यावर यजमान संघाच्या कुणा जाणत्या माणसाच्या हातात पानं द्यायची आणि मगच निघायचं. दारावरची झडती घेणारे मात्र माझ्यापुढे हात टेकतात. पान म्हटलं की त्यांना पिचकारीच दिसते. कोलकात्याला एका शिपायाने पुडकं उलगडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बॉम्बच आणलाय. मी म्हटलं, साहेब, खायला नाहीत, द्यायला आहेत, हमारे गाँव का रिवाज है. त्याने वास घेतला, दोन पानं स्वतःच्या खिशात घातली आणि मला आत सोडलं. सामना संपल्यावर पाहुण्यांना तासभर आतच थांबवून ठेवतात, तेव्हा जाळीपलीकडच्या एका म्हाताऱ्या बंगाली गृहस्थांना मी बाकीची दिली. सामनाभर ते आम्हाला शिव्या देत होते. पानं हातात आल्यावर त्यांनी उभं राहून नमस्कार केला. त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला बाबा, की आम्ही जिंकलोय की हरलोय तेच विसरले.

आणि तरी प्रत्येक वेळी एक गोष्ट डाचायची. मी सगळ्या देशभर पानं वाटली, पण जवळच्या पाम गावाला दिली नव्हती.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी तेरा वर्षांची. भातकापणी झालेल्या शेतात चुन्याची फक्की मारून मैदान आखलंय, आपला संघ टेम्पोतून उतरतोय, आणि पानांचं पुडकं तुम्ही माझ्या हातात देताय, कारण त्या वर्षीपासून ते काम माझं. पामच्या संघात बोईसरच्या कारखान्यांतले दोन धिप्पाड कामगार, आपल्याकडे सगळी वाडीतली पोरं. शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल केला. मी बाजूच्या रेषेला चिकटून उभी होते. चेंडू आधीच बाहेर गेला होता म्हणून मी आकांत मांडला. पंचाने ऐकलं नाही. तुम्ही माझा दंड धरून बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "पावणे हाव आपण. पावणा हरो नायतर जिंको, पान दिल्याशिवाय निगत नाय. जा, कप्तानाला देऊन ये." मी गेले, शेताच्या कडेच्या चरात पुडकं भिरकावलं आणि परत आले. दिलंस का, तुम्ही विचारलंत. दिलं, मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत, एवढंच.

तुम्ही गेलात त्याला आता एकोणीस वर्षं झाली. या मधल्या काळात मला पामला जायला कुणी अडवलं होतं? कोची गाठायला दोन दिवस लागतात, पाम तासाभरावर. पण पाय उचलत नव्हता. शेवटी कोलकात्याहून परतताना आमच्यातली बोईसरची एक मैत्रीण बोलता बोलता म्हणाली की तिचे सासरे एके काळी पामच्या संघाचे कप्तान होते. मग मात्र मला पळवाट उरली नाही. गेल्या रविवारी वेलीवरून ताजी पानं खुडली आणि तिच्याबरोबर पामला गेले.

म्हातारबुवा ओटीवर बसून छोट्या खलबत्त्यात पान कुटत होते. तोंडात एक दात नाही, पण पान हवंच. मी पुडकं पुढे ठेवलं, कोण ते सांगितलं, चराची गोष्ट सांगितली आणि माफी मागितली. त्यांनी बत्ता थांबवला.

"अगो, ती तर कवाच पोचली," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी सकालीच तुजा बाबा सायकल मारत आला. म्हनाला, काल गडबडीत माज्या हातून पान द्यायचं रायलं. चा पन घेतला नाय, तसाच परत गेला."

माज्या हातून. बाबा, त्या सकाळी तुम्ही आईला सांगितलं होतंत की पालघरला खत आणायला जातो, आणि दुपारी हात हलवत परत आलात. दुकान बंद होतं म्हणालात. आई किती बोलली तुम्हाला! मी चुलीपाशी बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात हसत होते. मला कळलं नाही, तुम्ही कळू दिलं नाहीत. आता कळलंय तर वाटतं, कोचीतल्या त्या गर्दीत उभं राहून ओरडावं की हा माझा बाप.

म्हातारबुवांनी माझी पानंही ठेवून घेतली. म्हणाले, दोनदा दिलं म्हणून काय बिघडत नाय. मैत्रिणीने चहा केला, तो मी तुमच्या वाट्याचाही प्यायले. निघताना त्यांनी हसत विचारलं, "पन काय गो, तो बॉल खरंच भायेर गेलता?" मी म्हटलं, इतक्या वर्षांचं कुणाला आठवतंय, आणि चपला घातल्या.

हे पत्र घालायला पेटी नाही, तेव्हा सामन्याच्या पिशवीतच राहील, ओल्या फडक्यापासून जरा लांब. त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. चेंडू रेषेवरच होता, बाहेर गेलाच नव्हता. चुना उडालेला मी डोळ्यांनी पाहिला होता, बाबा. तो गोल बरोबर होता.